पुढचा प्रश्न कुणी विचारला? नैराश्याच्या एका प्रकरणाचा अभ्यास

हे प्रकरण कुणा एका व्यक्तीचं नाही. समुपदेशनाच्या कामात वारंवार समोर येणाऱ्या गोष्टी एकत्र आणून ते बांधलं आहे. त्यामुळे यातली बाई शोधायला गेलात तर सापडणार नाही. तिच्यासारख्या मात्र पुष्कळ जणी भेटतील.

वय ४२. एका कंपनीच्या हिशेब विभागात नोकरी. घरी नवरा आणि १३ वर्षांची मुलगी. दीड वर्षापूर्वी आई गेली; शेवटचे आठ-नऊ महिने आईचं सगळं यांनीच केलं होतं. भाऊ परदेशात, धाकटी बहीण दुसऱ्या गावी. पूर्वी मानसिक आजाराची कुठलीही नोंद नाही.

हे प्रकरण लिहावंसं वाटलं याचं कारण त्यातले फाटे. जवळपास प्रत्येक टप्प्यावर एक प्रश्न कुणीतरी विचारला किंवा विचारायचा राहून गेला, आणि पुढचे कित्येक आठवडे त्यावर ठरले. समुपदेशनाचा उपयोग काय, असं लोक विचारतात. माझं उत्तर याच फाट्यांमध्ये आहे: बाकीचे जिथे थांबतात, तिथे समुपदेशक पुढचा प्रश्न विचारतो.

तक्रार मुलीची होती

त्या मदत मागायला आल्या त्या स्वतःसाठी नव्हे. मुलगी उलट उत्तरं देते, खोलीचं दार लावून बसते, अभ्यासात लक्ष नाही, तेव्हा तिला कुणीतरी समजवावं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. शाळेतल्या समुपदेशक मुलीशी बोलल्या. मुलगी बोलती झाली आणि म्हणाली, "आई आधी अशी नव्हती. आता घरात पाऊल टाकताना आधी तिचा चेहरा बघावा लागतो."

हे वाक्य समुपदेशकांनी आईच्या कानावर घातलं नाही. ते मुलीनं विश्वासानं सांगितलेलं होतं. पुढच्या भेटीत त्यांनी आईला फक्त विचारलं, "आणि तुमची झोप कशी आहे?"

उत्तर लगेच आलं, जणू कुणी विचारायचीच वाट पाहिली होती. पहाटे साडेतीनला जाग येते, मग डोळा लागत नाही. किती दिवस? आठवत नाही, बरेच महिने. दिवसभर डोकं जड. घरी आल्यावर मुलीनं दप्तर खाली टाकल्याचा आवाजसुद्धा सहन होत नाही.

मुलांच्या तक्रारी घेऊन येणाऱ्या पालकांमध्ये हे पुष्कळदा दिसतं. स्वतःसाठी मदत मागणं जड जातं, मुलांसाठी मागता येतं. म्हणून या मार्गानं आलेल्या पालकाला "तुमच्या मुलीला काही झालेलं नाही" असं सांगून परत पाठवणं म्हणजे उघडं दार लावून घेणं.

चिठ्ठी पर्समध्ये राहिली

समुपदेशकांनी त्यांना प्रौढांसोबत काम करणाऱ्या तीन जणांची नावं आणि फोन नंबर लिहून दिले. चिठ्ठी पर्समध्ये दोन महिने पडून होती. पहिला नंबर कुणी उचलला नाही. दुसऱ्या ठिकाणी दीड महिन्यानंतरची वेळ मिळत होती, ती त्यांनी घेतली नाही. तिसरा नंबर लावलाच नाही. का, याचं उत्तर पुढे कधीतरी त्यांनी दिलं: "फोनवर सांगायचं तरी काय? की मी मुलीवर ओरडते?"

बाहेरून हा निष्काळजीपणा वाटतो. नीट बघितलं तर मदत शोधण्यासाठी जी ताकद लागते तीच नैराश्य आधी काढून घेतं. फोन करायचा, अनोळखी माणसाला चार वाक्यांत स्वतःचं सांगायचं, नकार ऐकून पुढचा नंबर लावायचा, हे सगळं पहाटे साडेतीनपासून जाग्या असलेल्या माणसाकडून अपेक्षित असतं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की अल्प आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत मानसिक आजार असलेल्या ७५ टक्क्यांहून अधिक लोकांना कोणताही उपचार मिळत नाही. कमी गुंतवणूक, तज्ज्ञांची टंचाई, लोक काय म्हणतील ही भीती, अशी त्याची कारणं दिली जातात आणि ती खरीच आहेत. मी त्यात एक भर घालेन: चिठ्ठी आणि पहिली भेट यांच्यामधलं अंतर. नावं लिहून देणं म्हणजे पाठवणं नव्हे. त्याच खोलीतून, त्यांच्यासमोर, त्यांच्या परवानगीनं एक फोन लावला असता तर दोन महिने वाचले असते.

रिपोर्टमध्ये एक कारण सापडलं

दरम्यान थकवा, डोकेदुखी आणि छातीत धडधड यासाठी त्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेल्या. रक्त तपासलं. थायरॉइड ठीक, साखर ठीक, हिमोग्लोबिन ९.८. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. हे बरोबरच होतं. थायरॉइडचा दोष, रक्तक्षय, ब-१२ ची कमतरता यांची लक्षणं नैराश्यासारखी दिसू शकतात. ती तपासल्याशिवाय 'मनाचं आहे' म्हणणं हा अन्याय असतो.

पण कारण सापडलं म्हणून सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला आणि चौकशी तिथे थांबली. दोन महिन्यांत जिना चढताना लागणारी धाप कमी झाली. पहाटेची जाग तशीच राहिली. कामावर आकडे चुकायला लागले, म्हणून त्या प्रत्येक नोंद तीन-तीनदा तपासायच्या आणि उशिरापर्यंत बसायच्या.

दुसऱ्या खेपेला डॉक्टरांनी वाढलेलं हिमोग्लोबिन पाहिलं, आणि तरीही समोरचा चेहरा तसाच का, असा विचार केला असावा. त्यांनी दोन गोष्टी विचारल्या: गेल्या दोन आठवड्यांत कामांतला रस किंवा आनंद कमी झालाय असं किती दिवस वाटलं? आणि उदास, हताश किती दिवस वाटलं?

"कामं होतात माझी," त्या म्हणाल्या. डॉक्टर थांबले. मग त्या स्वतःहून म्हणाल्या, "पूर्वी वाचायचे. आता तेच पान परत परत वाचते."

याच दोन प्रश्नांपासून सुरू होणारी नऊ प्रश्नांची पीएचक्यू-९ ही प्रश्नावली मग भरून घेतली. क्रोएन्के, स्पिट्झर आणि विल्यम्स या संशोधकांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेली ही प्रश्नावली विनामूल्य वापरता येते. प्रत्येक प्रश्नाला ० ते ३ गुण, एकूण २७. पाचपासून सौम्य, १० पासून मध्यम, १५ पासून बऱ्यापैकी तीव्र आणि २० पासून तीव्र लक्षणं मानतात. त्यांचे गुण आले १७. अशा गुणांवरून निदान होत नाही. पुढे बोलायला हवं एवढं त्यांतून ठरतं. तरी एक गोष्ट लक्षात घ्यावी: आपल्याला 'आळस' आलाय असं समजणाऱ्या बाईला पहिल्यांदा कुणीतरी एक मोजमाप दाखवलं. आकड्यांत वावरणाऱ्या माणसाला त्याचा आधार वाटला.

नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल असतो. तिथे त्यांनी 'काही दिवस' ही खूण केली होती. कागद बाजूला ठेवून गोळ्या लिहून देणं सोपं होतं. डॉक्टरांनी सरळ विचारलं, "आपण मेलेलं बरं असं वाटतं का? स्वतःला संपवावं असा विचार येतो का?"

"सकाळी जागच आली नाही तर बरं, असं वाटतं. बाकी काही करणार नाही मी. मुलगी आहे ना."

असं विचारल्यानं डोक्यात नसलेला विचार शिरेल, ही भीती पुष्कळांना असते, काही डॉक्टरांनाही. संशोधन तसं सांगत नाही. थेट, शांतपणे विचारल्यानं धोका वाढत नाही; बहुतेकांना हलकं वाटतं, कारण ते ओझं आता दोघांचं होतं. डॉक्टर त्यापुढेही गेले. घरात असं काही आहे का, जे वाईट क्षणी हाताशी येऊ शकेल? तेव्हा कळलं की आईची उरलेली औषधं अजून त्याच कपाटात, त्याच डब्यात आहेत. टाकवत नव्हती. त्यांच्या संमतीनं नवऱ्याला बोलावलं, आणि त्या संध्याकाळी तो डबा घरातून गेला. वाईट क्षण बहुधा ओसरतो. त्या वेळी साधन हाताशी नसणं हा जीव वाचवणाऱ्या, सर्वांत भक्कम पुरावा असलेल्या उपायांपैकी एक आहे.

त्याच बैठकीत एका पानावर सुरक्षा आराखडा लिहिला गेला. ही पद्धत बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राउन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांची. धोक्याची चाहूल कशी लागते, त्या वेळी एकटीनं काय करता येईल, कुठे किंवा कुणासोबत गेल्यानं मन दुसरीकडे वळेल, कुणाजवळ मोकळेपणानं मदत मागता येईल, कोणत्या तज्ज्ञाला किंवा हेल्पलाइनला फोन करायचा आणि घर सुरक्षित कसं करायचं, हे सगळं माणसाच्या स्वतःच्या शब्दांत. 'असं काही करणार नाही' अशी लेखी हमी घेण्यापेक्षा हे कितीतरी उपयोगाचं. हमीतून वाईट क्षणी काय करायचं ते कळत नाही, आराखड्यातून कळतं.

आणि या वेळी मानसोपचारतज्ज्ञांना फोन डॉक्टरांनीच लावला.

औषध आणि निदान

इथे थोडक्यात. मानसोपचारतज्ज्ञ हा वैद्यकीय डॉक्टर असतो आणि औषध देऊ शकतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ मूल्यमापन आणि मानसोपचार करतो. समुपदेशक बोलण्याच्या माध्यमातून काम करतो. मानसोपचार सामाजिक कार्यकर्ता घर, नोकरी, सोयी-सवलती या बाजू सांभाळतो. कोणाला कोणती उपाधी लावता येते याचे नियम देशागणिक बदलतात, म्हणून पाटीपेक्षा प्रशिक्षण विचारावं.

मानसोपचारतज्ज्ञांनी दोन महत्त्वाच्या गोष्टी पडताळल्या. पहिली, कधी झोपेची गरजच न वाटता अनेक दिवस उत्साह उतू जात होता का? द्विध्रुवीय (बायपोलर) आजारात, म्हणजे उदासीचे आणि अतिउत्साहाचे टप्पे येतात त्या आजारात, नुसतं नैराश्याचं औषध दिलं तर गाडी उलट दिशेला जाऊ शकते, म्हणून हे विचारावंच लागतं. दुसरी, हा लांबलेला शोक तर नाही? २०२२ पासून मानसिक आजारांच्या अमेरिकी वर्गीकरणात प्रौढांसाठी किमान १२ महिन्यांच्या अटीसह ते वेगळं निदान झालं आहे. आईची ओढ त्यांना होती, पण दिवस व्यापणारी गोष्ट ती नव्हती. व्यापलेली होती ती अपराधाची भावना. निदान नैराश्याचं झालं. औषध सुरू करताना सांगितलं गेलं की पहिल्या आठवड्यात मळमळ होऊ शकते, फरक दिसायला दोन ते चार आठवडे किंवा जास्तही लागतील, आणि बरं वाटलं म्हणून आपणहून थांबवायचं नाही.

पहिला समुपदेशक

ओळखीतून एक समुपदेशक मिळाले. माणूस प्रेमळ होता. दोन बैठका झाल्या आणि दोन्हींत जास्त तेच बोलले. सकारात्मक विचार करा. मुलीसाठी तरी खंबीर व्हा. तुम्हाला असं पाहून तुमच्या आईला काय वाटत असेल?

त्या मान डोलावत राहिल्या आणि जाताना होतं त्याहून जड मन घेऊन घरी आल्या. तिसऱ्या वेळेला गेल्या नाहीत. निष्कर्ष काढला तो असा: "समुपदेशन माझ्यासाठी नाही."

बऱ्याच जणांचा प्रवास इथे संपतो. यांचा संपला नाही, कारण पुढच्या तपासणीत मानसोपचारतज्ज्ञांनी "जात चला" असं म्हणून विषय मिटवला नाही. त्यांनी विचारलं, "तिथे काय झालं, ते सांगाल?"

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड बॉर्डिन यांनी १९७९ मध्ये मांडलं की उपचारातलं नातं तीन गोष्टींवर उभं राहतं: दोघांमधला विश्वास, कशासाठी काम करायचं याबद्दलची सहमती आणि त्यासाठी नेमकं काय करायचं याबद्दलची सहमती. हे नातं जितकं घट्ट तितका परिणाम चांगला, असं पुढच्या अनेक दशकांच्या अभ्यासांत निरनिराळ्या उपचारपद्धतींमध्ये दिसत आलं आहे. या निकषावर त्या दोन बैठका तपासल्या तर चूक लगेच दिसते. थोडाफार विश्वास होता. तुम्हाला काय बदललेलं हवं आहे, हे मात्र विचारलंच गेलं नाही आणि दोन भेटींच्या मध्ये करायचं असं काहीही ठरलं नाही. नुसता उपदेश झाला, आणि आधीच स्वतःला दोष देणाऱ्या माणसाला उपदेश म्हणजे आणखी एक आरोप वाटतो.

पुढचा समुपदेशक निवडताना नवऱ्यानं फोन केले आणि त्या शेजारी बसल्या. हे मला फार मोलाचं वाटतं. घरच्यांना 'नेमकं काय करू' कळत नसेल तर हे करावं: नंबर लावावेत, वेळ ठरवावी, पहिल्या दिवशी दारापर्यंत जावं. कागदावर प्रश्न लिहिलेले होते. तुमचं शिक्षण आणि प्रशिक्षण कशात झालं? नैराश्य आणि शोक यांवर काम केलं आहे का? कोणत्या पद्धतीनं करता? बोललेलं गुप्त राहील का, आणि कोणत्या परिस्थितीत राहणार नाही? फरक पडतोय की नाही हे आपण कसं ओळखायचं? यांतल्या कोणत्याही प्रश्नानं चांगला समुपदेशक नाराज होत नाही. गुप्ततेबद्दल ज्यांनी सर्वांत स्पष्ट उत्तर दिलं, म्हणजे जिवाला धोका असेल, लहान मुलावर अत्याचार होत असेल किंवा कायद्यानं भाग पाडलं तरच माहिती बाहेर जाईल आणि तेव्हाही शक्यतो आधी तुम्हाला सांगेन, असं जे म्हणाले, त्यांना निवडलं.

खोलीत काय झालं

नव्या समुपदेशकांनी पहिल्या भेटीत एकही सल्ला दिला नाही. दुसऱ्या भेटीसाठी एक तक्ता दिला: सात दिवस, तासातासाचे रकाने, प्रत्येक रकान्यात काय केलं ते एका ओळीत, आणि पुढे दोन आकडे, ० ते १०. एक आनंद किती वाटला त्याचा, दुसरा काहीतरी जमल्यासारखं किती वाटलं त्याचा.

त्यांची खात्री होती की सगळे रकाने शून्यच असणार. कागदावर तसं निघालं नाही. 'मंगळवार, ४ ते ५, थकीत बिलं जुळवली: आनंद ०, जमलं ६.' 'बुधवार, संध्याकाळ, सहकारी मैत्रिणीबरोबर स्टेशनपर्यंत चालत: आनंद ४.' सर्वांत खाली गेलेले तास रविवारी दुपारचे होते. घरात सगळे असायचे, काम काही नसायचं आणि त्या पलंगावर पडून असायच्या.

नैराश्यात माणूस मन लागलं की करू म्हणून थांबतो, आणि न केल्यामुळे मन आणखी लागत नाही. ही साखळी कृतीच्या बाजूनं तोडायची, ही या पद्धतीमागची कल्पना. ती साधी दिसते, म्हणून तिचं वजन कमी धरू नये. गोव्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये याच पद्धतीची चाचणी झाली. मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मांडले. सहभागी लोकांची लक्षणं बऱ्यापैकी तीव्र किंवा तीव्र होती, आणि समुपदेशन करणारे डॉक्टर किंवा मानसशास्त्रज्ञ नव्हते, तर या कामासाठी शिकवलेले सामान्य लोक होते. तीन महिन्यांनी त्यांच्याकडे गेलेल्यांपैकी ६४ टक्के लोकांची लक्षणं उतरलेली होती. नेहमीचीच, थोडी सुधारलेली सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होतं.

इथे रविवारची दुपार आधी हाती घेतली. तीन वाजता घराबाहेर पडायचं, मन असो वा नसो, वीस मिनिटं. आठवड्यातून दोनदा मुलीबरोबर अर्धा तास, ज्यात अभ्यासाचा शब्द काढायचा नाही. पहिला आठवडा जमला नाही. दुसऱ्यात एकदाच जमलं. समुपदेशकांनी विचारलं की अडलं कुठे, आणि वीसाची दहा मिनिटं झाली.

खरी गाठ मात्र दुसरीकडे होती आणि ती बऱ्याच भेटींनंतर वर आली. आईला व्हेंटिलेटर लावायचा नाही, या कागदावर सही त्यांची होती. काही दिवसांनी भाऊ फोनवर म्हणाला होता, "अजून थोडं थांबायला हवं होतंस." त्या दिवसापासून हे वाक्य त्यांच्यासोबत होतं. नवऱ्यानं, बहिणीनं, मैत्रिणींनी शंभर वेळा सांगितलं होतं की यात तुझी काही चूक नाही. ते ऐकून त्यांना बरं वाटायचं नाही. सांगणारे तिथे नव्हतेच, तर त्यांना काय माहीत, असं त्यांच्या मनात यायचं.

समुपदेशकांनी 'तुमची चूक नाही' असं म्हटलं नाही. त्यांनी विचारलं, "त्या सकाळी सही करताना तुमच्यासमोर काय काय होतं? क्रमानं सांगा."

कागदावर दोन रकाने पाडले. डावीकडे त्या सकाळी माहीत असलेलं, उजवीकडे नंतर कळलेलं. डावीकडे लिहिलं गेलं: फुप्फुसं परत काम करतील असं वाटत नाही, असं दोन डॉक्टरांचं मत. काही महिन्यांपूर्वी आई स्वतः म्हणाली होती, मला नळ्या लावत बसू नका. भावाला फोन लागत नव्हता. ठरवायला अर्धा तास. उजवीकडे: भावाचं वाक्य. नंतर इंटरनेटवर वाचलेली, असल्या अवस्थेतून बऱ्या झालेल्या कुणाची तरी हकिकत. आणि 'थांबले असते तर' अशी सुरू होणारी पाच-सहा वाक्यं.

त्या बराच वेळ कागदाकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "मी नंतरची बिलं मागच्या तारखेला टाकतेय."

हे वाक्य त्यांचं स्वतःचं होतं, त्यांच्या धंद्याच्या भाषेतलं. समुपदेशकानं हेच सुचवलं असतं तर आणखी एक सांत्वन म्हणून ते वाहून गेलं असतं. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ एरॉन बेक यांनी १९६० च्या दशकात ज्या उपचारपद्धतीचा पाया घातला, ती सीबीटी (विचार आणि वागणूक यांवर काम करणारी, बोलण्यातून उपचाराची पद्धत) म्हणजे 'चांगलं चांगलं विचार करा' असं अनेकांना वाटतं. मुळात ती आपल्या विचाराला पुरावा मागायची शिस्त आहे. विचार खरा निघाला तर तो खरा म्हणून घ्यायचा आणि त्यावर काय करता येईल ते बघायचं. या प्रकरणात तपासल्यावर तो टिकला नाही. दुःख राहिलं, ते राहणारच होतं. त्याला चिकटलेला आरोप सुटत गेला.

यातून सुधारणा सरळ रेषेत झाली, असं वाटायला नको. दर भेटीआधी त्या पीएचक्यू-९ भरत असत. १७ चे १२ झाले, मग एका आठवड्यात पुन्हा १५. चिडचिड वाढली, चक्कर येत होती. "गोळी रोज होते का?" या प्रश्नावर कळलं की बरं वाटतंय म्हणून त्यांनी दहा दिवसांपूर्वी ती थांबवली होती. दर वेळी मोजलं नसतं तर 'समुपदेशनाचा उपयोग होत नाहीये' असा चुकीचा अर्थ निघाला असता. मानसोपचारतज्ज्ञांशी बोलून औषध पुन्हा सुरू झालं.

मुलीला घेऊन एक बैठक झाली. आईनं सांगितलं, मला नैराश्याचा आजार आहे, उपचार चालू आहेत, आणि ओरडले ते चुकलं. मुलीनं त्यावर एकच गोष्ट विचारली: "गोळ्या कायमच्या का?" आई म्हणाली, माहीत नाही, डॉक्टरांना विचारून सांगते. आणि खरंच विचारून सांगितलं: पहिल्यांदाच आजार झाला असेल तर पूर्ण बरं वाटल्यावर साधारण सहा महिने ते वर्षभर चालू ठेवतात, मग हळूहळू कमी करतात. घरात या आजाराबद्दल उघड बोलायला सुरुवात झाली ती त्या उत्तरापासून.

याच वाटेवर असलेल्यांसाठी

यांना मदत शाळेच्या समुपदेशकांकडून सुरू झाली, म्हणून सर्वांनी तिथूनच सुरुवात करावी असं नाही. नेहमीचे डॉक्टर हे बहुतेकांसाठी सर्वांत जवळचं दार. तिथे 'थकवा येतो' याच्या पुढे 'आणि मन लागत नाही' एवढं वाक्य आपणहून जोडावं, कारण समोरचा विचारेलच असं नाही. मोठ्या सार्वजनिक रुग्णालयांत मनोविकार विभाग असतात. विद्यापीठांच्या मानसशास्त्र विभागांत बऱ्याचदा प्रशिक्षणार्थींचं केंद्र असतं. तिथे शुल्क कमी आणि काम अनुभवी शिक्षकांच्या देखरेखीखाली होतं. यांच्या कंपनीतही कर्मचाऱ्यांसाठी समुपदेशनाची सोय होती, पण वरिष्ठांना कळेल या भीतीनं त्यांनी ती वापरली नाही. अशा ठिकाणी आधी लेखी विचारावं: माझं नाव कंपनीला कळतं का? चांगल्या व्यवस्थेत फक्त एकूण आकडे कळतात.

वेळ उशिराची मिळत असेल तर ती घेऊन ठेवावी आणि कुणी रद्द केलं तर मला कळवा असंही सांगावं. ऑनलाइन बैठका नैराश्यासाठी प्रत्यक्ष भेटींच्या तोडीस तोड ठरतात, फक्त दार लावून बोलता येईल अशी जागा हवी. मोबाइलवरची अॅप्स नोंदी ठेवायला ठीक. जिवाचा धोका असेल तेव्हा त्यांच्यावर विसंबू नये. तेव्हा हेल्पलाइन, आपत्कालीन विभाग आणि शेजारी बसणारं माणूस. १९५३ मध्ये लंडनला चाड वारा या पाद्रीनं एका टेलिफोनवर 'समॅरिटन्स' सुरू केलं, तेव्हा अनेकांना तज्ज्ञापेक्षा मन लावून ऐकणाराच जास्त उपयोगी पडला. तीच वाट आज जगभरच्या हेल्पलाइन चालतात.

तज्ज्ञ जवळपास नसेल तरी आशा सोडू नये. झिम्बाब्वेत हरारे शहरात मानसोपचारतज्ज्ञ डिक्सन चिबांडा यांनी २००६ मध्ये १४ आजींना समस्या सोडवण्याची पद्धत शिकवली आणि दवाखान्याच्या आवारातल्या बाकावर बसवलं. २०१६ मध्ये 'जामा' या नियतकालिकात आलेल्या चाचणीत या 'फ्रेंडशिप बेंच'मुळे लोकांची लक्षणं स्पष्टपणे कमी झालेली दिसली. शिकवलेलं, देखरेख असलेलं माणूस हवं, ही त्यातली अट विसरू नये.

आणि पहिला समुपदेशक जुळला नाही तर ते त्याला सांगावं. सांगून सुधारलं नाही तर बदलावा. तीन-चार भेटींनंतरही कशावर काम चाललंय हे सांगता येत नसेल, तर विचारायची वेळ झाली.

सध्याची स्थिती

शेवटच्या नोंदीत गुण ६ होते. पहाटेची जाग आठवड्यातून एखाद्या वेळी. वाचन सुरू झालंय, लहान लेखांपासून. भावाशी त्या कागदाबद्दल बोलणं झालेलं नाही. ते बोलायचं की नाही, हे त्यांनी अजून ठरवलेलं नाही आणि समुपदेशकांनीही घाई केलेली नाही. बैठका आता महिन्यातून एकदा होतात. परत उतार लागला तर ओळखायचा कसा, हे एका पानावर लिहून ठेवलंय: सलग दोन आठवडे पहाटे जाग, नोंदी तीनदा तपासणं, रविवारी दुपारी घराबाहेर न पडणं. यांतल्या कोणत्याही दोन गोष्टी दिसल्या तर डॉक्टरांना फोन नवऱ्यानं करायचा, त्यांच्या होकाराची वाट न बघता. ही अट त्यांनी स्वतः घातली. पानाची एक प्रत बहिणीकडे आहे. औषध कमी करायचं का, ते पुढच्या तपासणीत ठरेल.